दार उघडे आहे, पण बोलायचे कधी?

भिंगार नगर शहराला इतके लागून आहे की शहर कुठे संपले आणि छावणी कुठे सुरू झाली, हे नवख्याला कळत नाही. कारभार मात्र वेगळा. शहरात महापालिका, आसपासच्या गावांत ग्रामपंचायत आणि भिंगारच्या वस्तीत अहमदनगर छावणी परिषद, म्हणजे लोकांच्या तोंडचे कॅन्टोन्मेंट बोर्ड. आता समजा, पावसाळ्यात इथल्या एका गल्लीत गटार तुंबले, एकाच घरात डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले आणि फवारणी कधी होणार हे घरातल्या बाईला विचारायचे आहे. एकट्याने खिडकीवर जाऊन नव्हे. चारचौघांत, अधिकाऱ्यांसमोर, उत्तराची नोंद होईल अशा रीतीने. तिने कुठे जायचे?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर गुंतागुंतीचे आहे. छावणीचा कारभार २००६ च्या केंद्रीय छावणी कायद्याने चालतो आणि बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. सार्वजनिक दवाखाने चालवणे, माता-बाल आरोग्याची केंद्रे, लसीकरण, साथरोगांना आळा, पाणी, गटारे, जन्म-मृत्यूची नोंद ही सगळी कामे कायद्याने बोर्डाकडे दिली आहेत. छावणीत नेमणुकीवर असलेला वरिष्ठ लष्करी डॉक्टर हा बोर्डाचा आरोग्य अधिकारी असतो आणि पूर्ण रचनेच्या बोर्डावर तो पदसिद्ध सदस्य म्हणून बसतो. म्हणजे ज्याला स्थानिक आरोग्य मंडळ म्हणता येईल, अशी गोष्ट भिंगारमध्ये दीर्घकाळ आहे. फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही.

याच कायद्यात दोन तरतुदी आहेत, ज्या फारच थोड्या रहिवाशांना माहीत असतील. बोर्डाची बैठक साधारणपणे दर महिन्याला व्हायला हवी आणि ती जनतेसाठी खुली असते. ती बंद ठेवायची असेल तर अध्यक्षांना त्याची कारणे इतिवृत्तात नोंदवावी लागतात. दुसरी तरतूद अशी की बैठकीचे इतिवृत्त छावणीचा कोणताही रहिवासी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, एक पैसा न भरता पाहू शकतो. माहितीचा अधिकार येण्याच्या कितीतरी आधी, १९२४ च्या जुन्या छावणी कायद्यातही सभा खुल्या असल्याचे म्हटले होते. इंग्रजांच्या लष्करी वसाहतींसाठी केलेल्या कायद्यात हे असावे, याचे थोडे नवल वाटते.

पण खुली सभा म्हणजे जाऊन बसता येईल अशी सभा. मागच्या बाकावर बसून ऐकता येते, उभे राहून बोलण्याचा हक्क त्या तरतुदीत नाही. बोलण्याचे काम वॉर्डातून निवडून गेलेल्या सदस्याने करावे, अशी कल्पना होती. भिंगारच्या गल्लीतली तक्रार सदस्याच्या कानावर घालायची आणि ती त्याने सभेत मांडायची. ही साखळी २०२१ मध्ये तुटली. २०१५ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत, दोनदा वाढवून, फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. त्यानंतर देशभरातल्या छावण्यांत लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक नागरी सदस्य, अशा तिघांच्या बोर्डावर कारभार सुरू झाला आणि त्या व्यवस्थेलाच मुदतवाढ मिळत गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत ५७ छावण्यांच्या निवडणुकांची अधिसूचना निघाली, ३० एप्रिल ही मतदानाची तारीखही ठरली आणि मार्चमध्ये ती अधिसूचना मागे घेतली गेली. महाराष्ट्रातल्या सातही छावण्यांची हीच गत आहे : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, औरंगाबाद आणि नगर.

कुणी म्हणेल, यात आरोग्याचे काय? हा तर राजकारणाचा विषय. पण आरोग्यसेवेत ऐकून घेणे ही केवळ सौजन्याची बाब नाही, ती माहिती मिळवण्याची पद्धत आहे. दवाखान्याच्या नोंदवहीत किती रुग्ण आले हे लिहिलेले असते. किती जण दार बंद पाहून परत गेले, हे कुठल्याच वहीत नसते. औषधसाठ्याच्या रजिस्टरवर गोळ्या शिल्लक दिसतात. बाहेरच्या दुकानातून आणायला सांगितलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असते. फवारणीचा फेरा पूर्ण झाल्याची सही असते. फवारणीची गाडी कुठल्या गल्लीत वळली नाही, हे त्या गल्लीलाच ठाऊक. ही दुसरी माहिती गोळा करण्याचे यंत्र म्हणजे माणसाचे बोलणे. ते यंत्र बंद पडले की व्यवस्थेला आपण बरे चाललो आहोत असे वाटत राहते.

महाराष्ट्राने हे यंत्र चालवून पाहिले आहे, आणि तेही सरकारी कार्यक्रमाचा भाग म्हणून. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. त्याच्या आराखड्यातच आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख असावी असे म्हटले होते. २००७ पासून नऊ राज्यांत त्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि केंद्रामागे पाच गावे, अशी २२५ गावांची मांडणी होती. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्यपातळीवरच्या समन्वयाचे काम आले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक संघटनांनी ते उचलले. पुढे जिल्हे वाढले. नगर जिल्हा मात्र त्या पहिल्या पाचांत नव्हता.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचे बळ तपशिलात होते. आधी गावाच्या आरोग्य समितीतले लोक आणि कार्यकर्ते एक प्रश्नावली घेऊन बसत. आरोग्यसेविका गावात किती वेळा आली? गरोदर बाईचा रक्तदाब मोजला का? उपकेंद्रात बाळंतपण होते का? दवाखान्यात कुणाकडून पैसे मागितले गेले का? उत्तरांवरून गावाचे रिपोर्ट कार्ड तयार होई : चांगल्या सेवेला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटला लाल. वाचता न येणाऱ्या माणसालाही भिंतीवरचा लाल ठिपका कळतो. मग प्राथमिक आरोग्य केंद्रावर, तालुक्याला आणि जिल्ह्याला जनसुनवाई भरे. मांडवात किंवा सभागृहात एका बाजूला गावकरी, समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचे लोक आणि बाहेरचे काही पंच.

जनसुनवाई हा शब्द आरोग्य खात्याचा नव्हे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरमध्ये कोटकिराना गावात रोजगाराच्या कामांचे हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवले, तेव्हापासून तो रुळला. आरोग्यात तो जनस्वास्थ्य अभियानाने आणला. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशाच्या वेगवेगळ्या विभागांत अशा सुनावण्या झाल्या होत्या.

जनसुनवाईत उभे राहून बोलणे सोपे नसते. उद्या त्याच नर्सकडे लेकराला टोचायला न्यायचे आहे, त्याच डॉक्टरकडून सही घ्यायची आहे. मांडवात दोनशे माणसे, हातात माइक, समोर साहेब. घसा कोरडा पडतो. म्हणून तयारीला महत्त्व होते. कार्यकर्ते आधी प्रत्येक प्रसंग लिहून काढत : तारीख, वेळ, कोण ड्युटीवर होते, काय मागितले, काय उत्तर मिळाले, चिठ्ठी किंवा पावती आहे का. एकाच्या तक्रारीला दुसऱ्या गावचा दुजोरा मिळतो का, तेही पाहत. ‘इथे कुणी लक्षच देत नाही’ या वाक्याला अधिकारी मान डोलावून पुढे जाऊ शकतो. ‘अमुक तारखेला रात्री नऊ वाजता बाळंतपणाला आणले, दाराला कुलूप होते, खासगी गाडी करून तालुक्याला नेले, ही गाडीभाड्याची पावती’, या वाक्याला उत्तर द्यावेच लागते. बोलणाऱ्याचा आवाज कापला तरी चालतो, कागद कापत नाही.

आणि उत्तर तिथेच, सर्वांसमोर द्यायचे असे. चौकशी करतो म्हटले तर किती दिवसांत, हे लिहून घेतले जाई. पुढच्या सुनवाईत मागच्या वेळच्या आश्वासनांचे काय झाले, तिथून सुरुवात होई. या एका सवयीमुळे जनसुनवाई ही तक्रारपेटीपेक्षा वेगळी ठरली.

सुरुवातीला डॉक्टरांना हा आपला पंचनामाच वाटला, आणि काही ठिकाणी तो तसा झालाही. भरसभेत अपमान झाला की माणूस सुधारत नाही, सावध होतो. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या हातात असते तरी किती? पदे भरणे वर ठरते, औषधखरेदी वर ठरते, रुग्णवाहिकेच्या डिझेलचा निधी वरून येतो. पण हळूहळू काही वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच यातली सोय कळली. जी रिक्त पदे आणि जो औषधांचा तुटवडा ते वर्षानुवर्षे पत्रांतून कळवत होते, तो आता गावकरीच जिल्ह्याच्या अधिकाऱ्यासमोर मांडत होते. काही ठिकाणी तर जनसुनवाईऐवजी जनसंवाद हा सौम्य शब्द वापरात आला. शब्द बदलला म्हणून धार गेली, असे मानणारे कार्यकर्तेही होते. त्यांचेही पूर्ण चूक नव्हते.

निष्पन्न काय झाले? पहिल्या पाच जिल्ह्यांतल्या गावांनी दिलेल्या शेऱ्यांत ‘चांगले’ या शेऱ्याचे प्रमाण पहिल्या फेरीत ४८ टक्के होते. दुसऱ्या फेरीत ते ६१ आणि तिसऱ्या फेरीत ६६ टक्क्यांवर गेले. बाहेरून औषधे आणायला लावणे, बेकायदा पैसे घेणे, आरोग्यसेविकेच्या फेऱ्या न होणे या गोष्टींत फरक पडल्याच्या नोंदी झाल्या. जिथे प्रश्न वरच्या पातळीवर, म्हणजे भरती, खरेदी, बांधकाम यांत अडकलेला होता, तिथे मात्र सुनवाईमागून सुनवाई तोच लाल ठिपका दिसत राहिला.

हे आकडे उत्साह वाढवणारे असले तरी विज्ञानाच्या कसोटीवर ते अपुरे आहेत. शेरे देणारे गावकरीच होते आणि ज्या गावांत देखरेख नव्हती त्यांच्याशी तुलना नव्हती. याच काळात अभियानाचा पैसाही दवाखान्यांत येत होता. मग फरक बोलण्याने पडला की पैशाने?

हे तपासण्याचा गाजलेला प्रयत्न आफ्रिकेत झाला. मार्टिना ब्योर्कमन आणि याकोब स्वेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी युगांडातली ५० सरकारी आरोग्य केंद्रे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटातल्या गावकऱ्यांना आपल्या केंद्राचे रिपोर्ट कार्ड दिले, कर्मचाऱ्यांबरोबर बैठका घडवल्या आणि दोघांनी मिळून कामाचा करार ठरवला. दुसऱ्या गटात काहीच केले नाही. वर्षभरानंतर पहिल्या गटात बाह्यरुग्णांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी जास्त होती आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. २००९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर खळबळ उडाली. नवे औषध नाही, नवा डॉक्टर नाही, केवळ बोलण्याने इतकी मुले वाचतात?

मग युगांडातच पिया राफलर, डॅनियल पोस्नर आणि डग पार्करसन यांनी तोच प्रयोग खूप मोठ्या प्रमाणावर, ३७६ केंद्रांत केला. या वेळी उपचारांचा दर्जा थोडा सुधारला, रुग्णांचे समाधान वाढले; पण दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या किंवा बालमृत्यू यांत फरक दिसला नाही. मधल्या वर्षांत युगांडातले बालमृत्यू मुळातच बरेच घटले होते, हे त्याचे एक संभाव्य कारण. दोन्ही निबंध एकत्र वाचले तर निष्कर्ष जमिनीवर येतो. गावात रिपोर्ट कार्ड लावून बैठक घेतली की आपोआप जीव वाचतात, असे नाही.

जोनाथन फॉक्स या अभ्यासकाने २०१५ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. लोकांना फक्त माहिती देऊन, त्यांना फक्त गावपातळीवर बोलायला लावून फारसे हाती लागत नाही. जिथे आवाजामागे दात असतात, म्हणजे वरची यंत्रणा ऐकायला आणि कारवाई करायला बांधलेली असते, तिथे फरक पडतो, असे त्याचे म्हणणे. महाराष्ट्रातल्या मांडवांत जे दिसले त्याच्याशी हे जुळते. तालुक्याचा अधिकारी हजर असेल त्या सुनवाईचे आणि नसेल त्या सुनवाईचे रंग वेगळे असत.

अमेरिकेतली पद्धत याच्या उलट टोकाची. तिथे अनेक ठिकाणी स्थानिक आरोग्य मंडळाच्या सभेत नागरिकाला बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेली असते. साधारण दोन-तीन मिनिटे, घड्याळ लावून. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राऊन कायद्याने हा हक्क पक्का केला आहे. मात्र विषयपत्रिकेवर नसलेल्या मुद्द्यावर सदस्यांना तिथे चर्चा किंवा निर्णय करता येत नाही. त्यामुळे लोक बोलतात, सदस्य ऐकतात, आभार मानतात आणि पुढचे नाव पुकारले जाते. कोविडच्या काळात मास्क आणि लशीवरून या दोन-तीन मिनिटांत किती आरडाओरडा झाला, हे सगळ्यांनी पाहिले. अनेक आरोग्य अधिकाऱ्यांनी त्या काळात पदे सोडली. बोलण्याचा हक्क आहे पण उत्तराचे बंधन नाही, अशा ठिकाणी आवाज चढत जातो, यात आश्चर्य नाही. ब्राझीलने तिसरा मार्ग धरला : १९९० च्या कायद्याने तिथल्या आरोग्य परिषदांत निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींना दिल्या.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. नगर जिल्ह्यातच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावकऱ्यांना जमवायला त्यांनी व्हॉलीबॉलचा आधार घेतला. तरुण शेतकरी खेळायला येत, खेळ संपला की बोलणे सुरू होई. तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर दवाखाना हे उत्तर पहिले आले नाही. दुष्काळी भागात पाणी आणि अन्न ही उत्तरे आली. डॉक्टरांनी ते मनावर घेतले आणि पिण्याच्या पाण्यापासून सुरुवात केली. दूषित पाण्याने होणारी हगवण आणि कुपोषण हेच तिथल्या बालमृत्यूंचे मोठे कारण असल्याने, लोकांचे उत्तर वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होते. पुढे याच गावांतल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका आरोग्यसेविका म्हणून उभ्या राहिल्या आणि सभांतून बोलू लागल्या.

भिंगारमध्ये असा मांडव नाही. ग्रामसभा नाही, कारण ग्रामपंचायत नाही. तरी आज जे हाती आहे तेही पुरते वापरले जात नाही. छावणी परिषद माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-छावणी पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेता येतो. गल्लीतल्या दहा घरांनी सह्या करून, तारखा आणि रुग्णांची संख्या लिहून दिलेला अर्ज पुढच्या सभेत ठेवावा, अशी विनंती करता येते आणि आवक शिक्क्याची प्रत जवळ ठेवता येते. अर्जात मागणी एकच असावी, आणि ‘कधीपर्यंत’ हा शब्द असावा. सभेच्या दिवशी दोघा-तिघांनी नुसते जाऊन बसले तरी विषय घाईने पुढे ढकलणे अवघड होते. नंतर इतिवृत्त उघडून आपल्या अर्जापुढे काय लिहिले, ते पाहता येते. नोंद नसेल, तर तीही एक माहितीच.

यात बोर्डाकडूनही एक गोष्ट होऊ शकते आणि तिला निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. मासिक सभेला लागून अर्धा तास रहिवाशांसाठी ठेवायचा, त्याला आरोग्य अधिकारी हजर राहील असे पाहायचे, आणि मागच्या महिन्यातल्या प्रश्नांची उत्तरे आधी वाचायची. सभा खुली ठेवणाऱ्या तरतुदीत याला आडकाठी नाही.

दरम्यान, छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांत विलीन करण्याचा विषय केंद्राकडे आहे आणि नगरही त्या चर्चेत आहे. तसे झाले तर भिंगारचा दवाखाना कुणाच्या ताब्यात जाणार, तिथले कर्मचारी कुणाचे, हे प्रश्न येतीलच. भिंगारकराला नगरसेवक मिळेल. उभे राहून बोलण्यासाठी त्याला महापालिका कायद्यातली क्षेत्रसभा असेल. मतदारांची ही सभा महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात घातली, आणि बहुतेक शहरांत ती अजून कागदावरच आहे.